शिक्षेच्या दहा फेऱ्या

कल्याणीचं घर मैदानासमोरच. सकाळी सहाच्या खो-खोच्या सरावाला तिला तीन वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता. लांबच्या मांजरी गावाहून येणारी आम्रपाली मात्र रोज सहा वाजून पाच मिनिटांनी उगवायची आणि उशिराची शिक्षा म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायची.

तरी जिल्ह्याच्या संघात निवड आम्रपालीचीच झाली. "शेवटच्या मिनिटालाही तिचा दम टिकतो," सर म्हणाले, आणि कल्याणीच्या पोटात दुखायला लागलं. तो दम कुठून आला, हे तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनेही उशिरा जायचं ठरवलं. पण आई घरी थांबू देईना, म्हणून ती पावणेसहालाच मैदानामागच्या कट्ट्यावर लपायला गेली.



कट्ट्यावर आम्रपाली बसली होती. बाजूला सरकत म्हणाली, "बस. अजून वीस मिनिटं आहेत."