गादीवरची लेक

वरदाचं कीर्तन संपलं, तरी देवळात कुणी उठेना. एरवी नारदाच्या गादीवर उभ्या कीर्तनकाराच्या लहानथोर सगळे पाया पडत.

"कोर्टानं हिला गादी दिलीय, आता नमस्कारही कोर्टच करेल," विश्वस्त अप्पा म्हणाले. "बुवा, तुम्ही बसूनच राहा हो."

तिचे वडील, दिगंबरबुवा, खांबाशी बसले होते. बाईनं गादीवर उभं राहणं शास्त्रात बसत नाही, अशी साक्ष कोर्टात त्यांनीच दिली होती. वाकावं तर साक्ष खोटी ठरते. न वाकावं तर आत्ता भरल्या डोळ्यांनी ऐकलेला देव खोटा ठरतो.

बुवा उठले. पुढं होऊन त्यांनी लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं.

वरदानं पाय मागं घेतले नाहीत. गादीवर असताना कुणाचं लेकरू व्हायचं नाही, असं ते तिच्या भावाला शिकवत. ती दाराआडून ऐकत असे, हे त्यांना आज कळलं.