इज का आर

“इज का आर, एवढंच विचारायचं हाय त्याला,” असं म्हणत सुलक्षणाने धाकट्या भावाला फोन लावला.

गावच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. त्या दिवशी आठवीच्या फळ्यावर तिने लिहिलं होतं, ‘द फिलिपिन्स इज अ कंट्री.’ भूगोलाचे भारत सर वर्गावरून जाता जाता दारात थांबले. “मॅडम, सात हजारांवर बेटं आहेत तिथं. नावाच्या शेवटी ‘एस’ पण आहे. ‘आर’ पाहिजे.” बेटं कितीही असोत, देश एकच, म्हणून क्रियापद एकवचनी, असं तिने परोपरीने सांगितलं. सर हसले. मग पोरंही हसली. ते हसणं तिच्या मनातून जाईना.

साक्षीदार तर घरचाच होता. तिचा भाऊ गोकुळ फिलिपिन्सलाच डॉक्टरकी शिकत होता. तिथली माणसं काय बोलतात, ते त्याच्याच तोंडून घ्यायचं आणि उद्या सरांना ऐकवायचं.

आबा, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर बसून बाजाराची शेवंती क्रेटमध्ये भरत होते. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. “स्पीकर लाव,” आबा म्हणाले. “मलाबी ऐकू दी की माझा डॉक्टर.”

गोकुळ अलीकडे फार बोलत नसे. व्हिडिओवर तर येतच नसे. कधी नेट नाही, कधी परीक्षा. “पोरगं अभ्यासात बुडालंय,” असं आबा सगळ्यांना सांगत. रस्त्याकडेचं दहा गुंठे रान त्यांनी त्याच्या दवाखान्यासाठी राखून ठेवलं होतं. तिथं शेवंतीचं एक रोपसुद्धा लावू दिलं नव्हतं.

बराच वेळ रिंग वाजली. मग आवाज आला, “बोल ताई.”

“आरं, तुमच्याकडं लोक कसं बोलत्यात सांग. द फिलिपिन्स इज, का द फिलिपिन्स आर?”

पलीकडे गलका होता. लाउडस्पीकरवर कुणीतरी काहीतरी पुकारत होतं. सुलक्षणाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला फक्त उत्तर हवं होतं.

“आबा जवळ हायेत का?” गोकुळने विचारलं.

“हायेत की. तू स्पीकरवर हाईस.”

मग तो हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत बोलला, “द फिलिपिन्स वॉज, ताई. आय हॅव लेफ्ट कॉलेज. आय अ‍ॅम बॅक. प्लीज डोन्ट टेल आबा.”

वॉज. म्हणजे होतं. आता नाही. कॉलेज सोडून तो परत आला होता, आणि घरी यायचं त्याचं धाडस होत नव्हतं. सुलक्षणाने फोन दोन्ही हातांनी धरला.

आबांनी मान वर केली. “काय म्हणतोय?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग क्रेटमधल्या फुलांकडे पाहिलं. “इज म्हणतोय, आबा,” ती म्हणाली. “माझंच बरूबर हाय.”

“मंग झालं तर.” आबांनी हातातली फुलं खाली ठेवली. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि तिच्या हातातून अलगद फोन घेतला.

“गोकुळ, तुझ्या मागं दौंडचं नाव पुकारलं, त्ये ऐकलं म्या. ठेसनातच बस, लेका. मी गाडी काढतो.”