बिनकडीचं दार

शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. न्हाणीघराच्या ओलीत गंजून तो लाकडात असा रुतला होता, की पेचकस नुसताच खाचेत फिरत होता. सुताराला घाम फुटला. लोकांची दारं-खिडक्या बसवण्यात ज्याचा उभा जन्म गेला, तो आज स्वतःच्याच घरातल्या कडीशी झटापट करत होता, आणि तीही चोरासारखी. मुलगा दाढी करून घ्यायला कोपऱ्यावर गेला होता. तो यायच्या आत हे उरकायला हवं होतं.

"धड कडी कशाला काढताय?" मागून बायको आली. "कपाटाचं दार वर्षभर लोंबतंय, त्याला हात लागत नाही. आणि जे चांगलं आहे ते मोडायला बरा वेळ मिळतो तुम्हाला!"

"अडकते अधूनमधून," तो मागे न बघता म्हणाला.

"मला तर कधी अडकली नाही."

सुतारानं पेचकस पुन्हा खाचेत दाबला. सुट्टीवर आलेल्या मुलाच्या पलटणीतल्या दोस्ताचा काल फोन आला होता. मुलानं घरी सांगितलं होतं, की चौकीवर त्याच्याबरोबर पहारा द्यायचा त्या जोडीदाराची बदली झाली. बदली कसली, त्यानं स्वतःचाच जीव घेतला होता. आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला त्याच जागेवर उभं केलं होतं. "काका, याला एकट्याला सोडू नका," एवढं बोलून दोस्तानं फोन ठेवला. हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं, ते सुताराला कळत नव्हतं.

एकदाची कडी निघाली. त्यानं ती झटकन खिशात टाकली, तर खिशातल्या दुसऱ्या कड्यांवर आपटून ती खणकन वाजली. बायकोनं खिशाकडे पाहिलं. मग मुलाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथेही कडीच्या जागी नुसती भोकं होती. आता हिला सगळं सांगावं लागणार, म्हणून सुतार शब्द शोधू लागला.

पण तिनं काही विचारलंच नाही.

"गच्चीच्या दाराला मी परवाच कुलूप घातलंय," ती हळूच म्हणाली. "किल्ली माझ्याजवळ आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी कशाला हवं? चार घास चिवडतो आणि उठतो. हाक मारली तर दचकतो. पोटचा आहे माझा."

इतकी वर्षं एका छपराखाली काढलेली दोन माणसं, आणि एकच भीती एकमेकांपासून लपवत बसली होती. सुताराला तिचा हात धरावासा वाटला, पण तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

मुलगा आला. गुळगुळीत दाढीमुळे तो आणखीच लहान दिसत होता. कुणाशी न बोलता त्यानं दोरीवरचा टॉवेल ओढला, न्हाणीघरात गेला आणि सवयीनं त्याचा हात दाराच्या आतल्या बाजूला गेला. तिथे काहीच नव्हतं. त्यानं त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"बाबा, कडी?"

"खराब झाली होती. नवी आणतो."

"खोलीचीही खराब झाली आणि माळ्याचीही?" मुलगा हसला, पण ते हसू ओठांतच विरलं. "परवा सुट्टी संपतेय माझी. तिथे हातात बंदूक देतात, बाबा. ती कुठल्या खिशात लपवाल?"

आईनं तोंड फिरवलं. मुलानं दार ओढून घेतलं.

दार वीतभर उघडलं. त्यानं पुन्हा ओढलं, ते पुन्हा उघडलं. शेवटी सुतार बाहेर जमिनीवर बसला आणि दाराला पाठ लावून त्यानंच ते बंद धरलं. आत नळ सुरू झाला. तांब्या बादलीत बुडत होता, पाणी अंगावरून फरशीवर पडत होतं. तो आवाज सुताराला इतका बरा वाटला, की त्यानं डोळे मिटून घेतले.

मग नळ बंद झाला. तांब्याचा आवाजही थांबला.

साबण लावत असेल, सुतारानं मनाला बजावलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती.

"टॉवेल घेतलास ना रे?" त्यानं विचारलं. घेतलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता.

आतून उत्तर नाही.

सुताराची पाचावर धारण बसली. दार उघडायला फक्त बाजूला सरकायचं होतं. पण काही नसलंच, तर एवढ्या मोठ्या मुलाची आपण शोभा केली असं होईल, आणि तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. आणि काही असलंच तर? उघडायचीही भीती, न उघडायचीही भीती.

"बाबा."

आवाज अगदी त्याच्या कानामागून आला. मुलगाही आतून दाराला टेकून खाली बसला होता.

"हं," सुतार कसाबसा म्हणाला.

"पलटणीतल्या साहेबांना तुम्ही सांगाल का, की मला पुन्हा तिथे उभं राहवत नाही? मला नाही जमणार ते सांगायला."

"सांगतो. आत्ता फोन लावतो." फोन बाहेरच्या खोलीत होता. सुतार उठायला लागला, तसं त्याच्या पाठीमागचं दार हललं.

"आत्ता नको," मुलगा घाईघाईनं म्हणाला. "आत्ता इथेच बसा."