शेजारणीचं भांडं

मिशनरी नर्स हान्ना शेजारच्या इट्टोआजीने आणलेला लोण्याचा वाडगा रिकामा करून परत देण्यासाठी त्यात साखर भरत होती, तेवढ्यात आजीने टेबलावरच्या बायबलमधून डोकावणारं कार्ड ओढून काढलं. कार्डावर आजीचाच फोटो! अ‍ॅटलास पर्वतातल्या या मुसलमान गावात सुया टोचून, बाळंतपणं करून कमावलेला अकरा वर्षांचा विश्वास आता पाण्यात गेला, असं हान्नाला वाटलं.

"हे काय गं?"

खोटं बोलणं हान्नाला जमेना. "आमच्या चर्चमधल्या सहा बायका रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतात, आजी. तू येशूची व्हावीस म्हणून."

"मी? अगं, मी पाच वेळची नमाजी!"

"माहीत आहे त्यांना."

"कधीपासून चाललंय हे?"

"अकरा वर्षं."

आजीने कपाळावर हात मारला. "अकरा वर्षं, आणि मला आज सांगतेस? येशूचं काय ते अल्ला बघेल. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तुला शिकवलं कुणी? मीच ना?"

तिथेच बसकण मारून तिने दुआ मागायला दोन्ही हात पसरले.

"हं, सांग एकेकीचं नाव. आणि नुसतं नाव नको, कुणाचं काय दुखतं तेही सांग."