चौथा पट्टा

मामा डावखुरे होते. शर्यतीची गाडी रस्त्यानं ट्रेलरवर बांधून नेतात; उघड्या ट्रेलरवरची गाडी आरशात दिसत राहते. पण समोरून दगड उडाला की काच जाते. चारही चाकं पट्ट्यांनी ट्रेलरला बांधून झाली की मामा गाडीच्या टपावर दोन थापा मारत आणि म्हणत, "निजली पोरगी."

मामा वारले, त्यांची शर्यतीची गाडी भाचीकडे आली आणि ती न्यायला ट्रेलर घेणंही ओघानं आलंच.

"उघडाच घे, ताई," धाकटा भाऊ म्हणाला. "गाडी नजरेसमोर राहते."

"आणि रंगाचे टवके उडाले की तू चिकटवून देणार?"

तिनं बंद ट्रेलर घेतला.

पहिल्याच शर्यतीला निघाली आणि घाट उतरल्यावर तिला आठवलं. तीन चाकं बांधून झाली तेव्हा भावाचा फोन आला होता. चौथा पट्टा तिनं बांधलाच नव्हता. एवढ्या वळणांत मामांच्या गाडीचा चेंदामेंदा झाला असणार.

रस्त्याकडेला थांबून तिनं कुलूप काढलं. गाडी जागची हललेली नव्हती. चौथा पट्टा ताठ ओढलेला होता. त्याचं उरलेलं टोक उलट्या बाजूनं, डावखुरा माणूस गुंडाळेल तसं, गुंडाळून खोचलेलं होतं.

तिचे डोळे भरून आले. "फार उपकार झाले," ती आतल्या अंधाराला म्हणाली. मग तिनं दार लावलं, कुलूप घातलं.

आत गाडीच्या टपावर दोन थापा पडल्या.

त्या ट्रेलरचं दार फक्त बाहेरून उघडतं, हे दुकानदारानं घेतानाच सांगितलं होतं.