सात नंबरचा रुग्ण

"हं, कर सुरू. दहा मिनिटं आहेत," सर काचेपलीकडून म्हणाले.

तिनं टॅबवर सात नंबर दाबला. साथ आल्यापासून डॉक्टरकीची परीक्षाही अशीच व्हायची. रुग्ण एका खोलीत, विद्यार्थी दुसरीत, सर तिसरीत. रुग्णही खरा नसायचा, दुखणं वठवायला नाटकातला माणूस बोलावत. तो आला की नाही हे बघायला कुणी जायचं नाही. जायला नको म्हणून तर एवढा खटाटोप. टॅब मात्र वॉर्डातलेच, खऱ्या रुग्णांच्या उशाशी असतात तसले, नंबरही तेच.

गेल्या खेपेला नटाला लागलेली धाप बघून ही बया प्रश्न अर्धवट टाकून सिस्टरला हाका मारत रडतच धावली होती. नापास तर झालीच, वर 'रडूबाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ही शेवटची संधी होती.

पडद्यावर पन्नाशीचा एक माणूस उशीला टेकून बसला होता.

"काका, काय त्रास होतोय?"

"दम... पुरत नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून. ताई, कुणीतरी या ना. मघापासून बेल वाजवतोय."

तिनं सरांकडे पाहिलं. ते गालातल्या गालात हसत होते.

"पुढचा प्रश्न."

"खोकला आहे का, काका?"

"बायकोला सांगा... कपाटाची किल्ली शिवणाच्या डब्यात आहे."

सरांनी हातातला नटाच्या भूमिकेचा कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यात बायको नाहीच. गडी पदरचं घालतोय. पण रंगवतोय झकास. नखंसुद्धा निळी केलीत बघ."

नखं निळीच होती. तिला धावत जावंसं वाटलं. पण ती खुर्ची घट्ट धरून बसली आणि सगळे प्रश्न विचारले, एकही गाळला नाही.

शेवटच्या प्रश्नाला त्यानं नुसताच हात पुढे केला. बोटं पडद्यावर टेकली आणि टॅब आडवा झाला. आता फक्त छत दिसत होतं.

"पास," सर म्हणाले. "ह्या वेळी अगदी दगडासारखी बसलीस. शाब्बास."

तिला रडू फुटलं, आनंदाचं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मास्क लावलेला एक माणूस दारातच थांबला होता, हातात निळा रंग भरलेली डबी घेऊन.

"माफ करा मॅडम, ताप मोजायला तासभर गेटवरच अडवलं," तो म्हणाला. "मी कुठल्या खोलीत झोपू?"