लाल दोऱ्यातलं नाव

दार उघडलं आणि मी गोधडी छातीशी धरून तशीच थिजले. समोर सुभद्राकाकू. गाऊनमध्ये, वॉकर धरून, चांगल्या हसत उभ्या.

दसऱ्याला त्यांच्या सुनेनेच पिशवीभर साड्या आणून दिल्या होत्या. "एक गोधडी आम्हाला शिवा, उरलेलं कापड तुम्हाला." थंडीच्या तोंडावर मी हौसेने गोधड्या शिवते, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. पण जिवंत माणूस गोधडीला विरलेली साडी देतो. घडीही न मोडलेल्या साड्या एकदम आल्या, की त्या गेलेल्या माणसाच्या. अशा वेळी मी काही विचारत नाही, उगाच कुणाला रडवायचं कशाला? काकू ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्यात, एवढंच कानावर होतं. डोळे पुसत कात्री लावली आणि अशा गोधडीवर घालते तसं कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव घातलं.

"अगंबाई, ही तर माझी इरकल!" काकूंनी काठावरून हात फिरवला. "सून म्हणाली, सगळ्या साड्यांना कसर लागली, टाकून दिल्या."

मी कोपरा मुठीत दाबला. त्यांनी माझी बोटं हळूहळू सोडवली आणि वाचलं, 'कै. सुभद्राबाई'.

आतून सुनेचा आवाज आला, "कोण आलंय, आई?"

"कुणी नाही गं." काकूंचा अंगठा अजून त्या लाल टाक्यांवरच होता. मग मला कुजबुजत म्हणाल्या, "एवढं पहिलं अक्षर उसवून दे. पांघरायची मलाच आहे."